शून्य रुपये फक्त

एक एप्रिलला मी कुलूप काढायच्या आधी
पायरीवर बसलेले असतात
हवालदार बुधाजी पुनाजी घाडी.
बावीस वर्षं पावती क्रमांक एक त्यांचीच,
माझ्या आधीच्या भाऊसाहेबांच्या अक्षरातही.
सहाशे चाळीस रुपये, रबर लावलेले,
वरच्या नोटेला काजूच्या चिकाचा डाग.

यंदा मीच सांगितलं,
हवालदार, माजी सैनिकांना घरपट्टी माफ आहे.
ते बघत राहिले.
"माफ? गुन्हो काय केलंय मी?"

मग कागद सुरू झाले.
सैनिक कल्याणचा दाखला, दोन एसट्या बदलून.
पंधरा वर्षांचा रहिवास.
दुसरीकडे कुठेच ही सवलत घेत नाही असं स्वयंघोषणापत्र.
हे लिहिताना ते हसले:
"दुसरीकडे घर आसता
तर तुझ्या पायरेर बसलंय असतंय?"

आणि घराचा उतारा.
उताऱ्यावर नऊ नावं.
चार वारलेली, दोन विरारला, एक बडोद्याला,
एक चुलतबहीण, लग्नानंतर पत्ता नाही,
आणि सगळ्यांत खाली, दुसऱ्याच शाईत, बुधाजी.
ते लेहला ट्रक चालवत होते तेव्हा
भावकीने परस्पर नोंद करून घेतली होती.
यांचं नाव नंतर लागलं,
रजेच्या अठ्ठावीस दिवसांतले एकोणीस
तलाठ्याच्या दारात गेल्यावर.

संमतीसाठी फोन मीच लावले.
विरारचा म्हणाला, करा की, काकांनी देशासाठी एवढं केलं.
बडोद्याच्याने विचारलं,
माफीत आमचा हिस्सा किती बसतो?
हवालदार समोरच होते, स्पीकर चालू होता.
डाव्या पायातली चप्पल सरळ केली त्यांनी.
त्या पायाला तीनच बोटं आहेत,
चप्पल टिकत नाही.

मासिक सभेत ठराव झाला. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.
चहाबरोबर खारे शेंगदाणे.
वाटलं, संपलं.

नंतरच्या सोमवारी ते पुन्हा पायरीवर.
हातात रबर लावलेले सहाशे चाळीस.
म्हटलं, आता नको आहेत हो पैसे.
"पैशे नको तर नको.
माका पावती होयी."
भरणा नाही तर पावती कशाची फाडू?

ते टेबलापाशी आले. आवाज चढवला नाही.
म्हणाले, नोव्हेंबरात बँकेत जातंय,
जिता आसंय म्हणून सय करून येतंय.
एप्रिलात हय येतंय,
घर माझा म्हणून कागद घेवन जातंय.
जिता आसलंय आणि घर नाय
तर त्या नोव्हेंबराचा काय करू?

पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढली.
बावीस पावत्या, सालवार, कडा कापूरगोळीच्या वासाच्या.
दरेकीवर 'मालकाचे नाव' या रकान्यात
एकच नाव. उताऱ्यावर नऊ असोत.
पावती भरणाऱ्याच्या नावाने निघते.
हे मला माहीत होतं,
नऊ वर्षं नोकरी करते आहे मी,
पण कधी लक्षात आलं नव्हतं.

बाहेर खाडीला भरती लागली होती,
कालवं काढणाऱ्या बायका पाण्यातून परतत होत्या.
मी कार्बन घातला.
मालकाचे नाव: बुधाजी पुनाजी घाडी.
घर क्रमांक एकशे बारा.
रक्कम: ००
अक्षरी: शून्य रुपये फक्त.
शिक्का नेहमीपेक्षा जोरात मारला गेला.

त्यांनी वाचली, उलटून पाहिली, फुंकर घातली.
मग खिशात हात घालून म्हणाले,
"पाणीपट्टी किती?"
ती माफ नाही. तीनशे.
समाधानाने मोजून दिली, सुटे.

लेखापरीक्षणात शेरा आलाय:
शून्य रकमेची पावती फाडण्याचे प्रयोजन काय?
खुलासा पंधरा दिवसांत सादर करावा.
आज चौदावा.
दोनदा लिहिला, दोनदा खोडला.
प्रयोजन या शब्दापुढे
फॉर्ममध्ये दीडच ओळ जागा आहे.